बिल्ड करणारा: अजिनाथ

२१ एप्रिल, सोमवार

नोकरी लागली! परत येताना गारखेड्याच्या चौकात उतरून एकटीनंच दोन ग्लास उसाचा रस प्यायले, मग ही वही घेतली, मग खोलीवर आले. घरमालकीण साळूबाईंनी माझ्यासाठी नवा माठ भरून ठेवला होता. म्हणाल्या, पोरी, ऊन लई हाय, दुपारचं बाहीर फिरू नको. मी त्यांना पेढा दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला काही गोड द्यावंसं वाटलं.

कंपनीचं नाव धनबीज सीड्स. जालना रोडनं चिकलठाण्याच्या पुढं, डाव्या हाताला निळ्या पत्र्याचं मोठं शेड. कापूस, मका, कांदा यांचं बियाणं. मालक तात्यासाहेब आता थकलेत, सगळं त्यांचा मुलगा इंद्रजीत बघतो. मुलाखत त्यानंच घेतली. स्वतः चहा ओतून दिला. म्हणाला, मॅडम, शहरातले तिघं येऊन गेले, काम ऐकलं की गायब. मी म्हणाले, मी गायब होणार नाही. तो हसला, मीही हसले, आणि हसता हसता त्याला नीट बघून घेतलं. वरचा एक दात किडलाय. उजव्या मनगटावर लाल दोरा. डोळ्यांत बघून बोलतो.

याच माणसानं माझ्या भावाला मारलं.

इथं मी कोण आहे हे कुणाला माहीत नाही. कंपनीच्या कागदांवर दादा ‘अजिनाथ खंडेराव’ होता, बापाचं नाव आडनावासारखं लावायचा. माझ्या कागदांवर अक्षदा वाघमोडे आहे. आणि आमच्या गावाला, देवगाव रंगारीला, दादाच्या मातीला कंपनीतून कुणी आलंच नव्हतं, तर मला ओळखणार कोण?

सगळं तारखेवार लिहून ठेवणार आहे. उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडून एकही गोष्ट चुकायला नको.

२२ एप्रिल, मंगळवार

काम असं आहे. शेडच्या मागं चार थंड खोल्या आहेत. पहिल्या दोन साध्या, चौथी रिकामी. तिसरीत मूळ वाणांचं बी ठेवायचे, वजा वीस अंशांवर. या खोल्यांचं तपमान बघणं, दारांची कुलपं उघडणं-लावणं, आत किती माणसं गेली ते मोजणं, हे सगळं एक सर्व्हर करायचा. तो सर्व्हर दादानं उभा केला होता. सॉफ्टवेअर फुकट मिळणारं, ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. दादानं त्यात या खोल्यांपुरता स्वतःचा भाग लिहून घातला होता. दादा गेल्यावर यांनी बाहेरून दुसरं सॉफ्टवेअर आणलं, ते दर आठवड्याला बंद पडतं. आता जूनच्या हंगामाआधी दादाचंच परत हवंय. चालणारी फाइल कुणीतरी पुसून टाकली, उरलाय तो फक्त जुन्या डिस्कवरचा सोर्स. तो कंपाइल करायचा, म्हणजे माणसानं लिहिलेल्यापासून मशीनला चालवता येईल असं बनवायचं, तेही विंडोजवर. कारण कुलपांचं कार्ड दुसऱ्या कशावर चालत नाही.

तिसऱ्या खोलीला साखळी आहे. मी विचारलं तर गेटवरचे पुंजाराम काका म्हणाले, ती बंद हाय बाई, मशीनबी काढून नेलं तिचं. मग उगाच टोपी काढून परत घातली.

दादा त्या खोलीत मेला. जूनमध्ये, भर दुपारी, बाहेर सगळे कामावर असताना. सेन्सर बघायला आत गेला आणि दार लागलं. आतली कडी सहा महिन्यांपासून तुटलेली होती. यांनी लिहून दिलं की त्याचंच सॉफ्टवेअर बंद पडलं, त्याचाच निष्काळजीपणा. आईनं त्या कागदावर अंगठा दिला.

पण दादाचं सॉफ्टवेअर बंद पडत नसतं. मला कोड लिहायला त्यानंच शिकवलंय.

२४ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस नुसत्या एरर. लिनक्सवर हेच काम चहा होईपर्यंत झालं असतं. विंडोजवर आधी कंपायलर बसवा, मग एनक्रिप्शनची लायब्ररी, ती बसली की म्हणतो सापडत नाही, सापडली की म्हणतो ही नाही, दुसरी. आज दुपारी वेगळीच तक्रार: फाइलचा पत्ता फार लांब. विंडोजला साधारण अडीचशे अक्षरांपलीकडचा पत्ता झेपत नाही. दादाची सवय, फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर, प्रत्येकाचं नाव हे एवढं. मी सगळं उचलून सी ड्राइव्हवर एका अक्षराच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि गाडी पुढं सरकली.

कोडमध्ये ठिकठिकाणी त्याच्या टिपा आहेत. ‘इथं हात लावू नये.’ ‘हे का चालतं ठाऊक नाय, पण चालतं.’ एके ठिकाणी: ‘अक्षीला विचारणे.’ मी टेबलावर डोकं ठेवून थोडा वेळ तशीच बसले. इंद्रजीत येऊन गेला, म्हणाला तबियत ठीक आहे ना? मी म्हणाले ऊन लागलं.

२६ एप्रिल, शनिवार

झालं! सव्वाबाराला बिल्ड पूर्ण झालं. आनंद पाच सेकंद टिकला. विंडोजच्या अँटिव्हायरसनं नवी फाइल अनोळखी म्हणून उचलून नेली. परत बिल्ड, परत नेली. शेवटी त्या फोल्डरला सूट दिली. सर्व्हर सुरू केला तशी फायरवॉलची खिडकी आली, या प्रोग्रामला आत येऊ द्यायचं का. मी हो म्हटलं.

सुरू होताना सर्व्हर एक ओळ छापतो, कुणी आणि कधी बनवला ती. तिथं माझं नाव यायला हवं. आलं असं:

बिल्ड करणारा: अजिनाथ. वेळ: आज, १२:१५.

नाव बहुधा कोडमध्येच घालून ठेवलं असेल त्यानं. शोधलं, सापडलं नाही. सोमवारी बघते.

२८ एप्रिल, सोमवार

सर्व्हर विंडोजची सर्व्हिस म्हणून बसवला. म्हणजे मशीन चालू झालं की तो आपोआप सुरू होतो, कुणी लॉगिन करो न करो. इंद्रजीतनं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ती जागा मी घरी येऊन साबणानं धुतली.

पडद्यावर चारही खोल्या दिसतात. खोली १: माणसं ०. खोली २: माणसं ०. खोली ३: माणसं १. खोली ४: माणसं ०.

तीनचा आकडा जुना राहिला असणार. दादा आत जाताना सेन्सरनं मोजला, आणि बाहेर आणताना तो चालत आला नाही. मी आकडा शून्य केला.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी परत १. तपमान वजा वीस. त्या खोलीचं मशीन काढून नेलंय, सेन्सरची वायर मी बाहेरच्या भिंतीवर स्वतः बघितली, तुटून लोंबतेय.

आज जुन्या नोंदी सापडल्या. सर्व्हर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो आणि ही फाइल पुसणाऱ्याच्या लक्षात आली नव्हती. त्या दिवशीची दुपार पूर्ण आहे. १:५० खोली ३, दार बंद, माणसं १. १:५५ पासून आतल्या छोट्या पॅनेलवरून इशारे. तपमान भरायच्या त्या पॅनेलवर अक्षरंही टाकता येतात. मग २:२५: सर्व्हिस थांबवली. थांबवणारा: इंद्रजीत. ६:१०: सर्व्हिस सुरू केली. सुरू करणारा: इंद्रजीत.

म्हणजे पडद्यावर इशारे येत होते, त्यानं वाचले, आणि सर्व्हर बंद करून निघून गेला.

का, तेही माहीत आहे, दादा घरी बोलला होता. न उगवणारं बी नव्या पिशव्यांत भरून वैजापूरच्या बाजारात जातंय हे दादाला कळलं होतं, आणि मी हे बाहेर सांगणार असं त्यानं इंद्रजीतला तोंडावर सांगितलं होतं.

पुंजाराम काकांना जेवणाच्या सुट्टीत बोलतं केलं. आधी नाय नाय करत होते. मग भाकरी तशीच हातात धरून म्हणाले, ‘दार वाजत हुतं बाई. मी ऐकलं. साहेबाला इचारलं, तं म्हनले, मशीनचा आवाज हाय, तू गेटवर जा. मी ग्येलो. माजी बी लेकरं हायेत. पर त्यो आवाज मशीनचा नव्हता, हे मला तवाच कळलं हुतं.’

मी त्यांना पाणी दिलं. मनात म्हटलं, तुम्ही दुसरे.

२ मे, शुक्रवार

ती नोंद पोलिसांत देता येईल. वकील येतील, तारखा पडतील, इंद्रजीत चहा ओतत राहील. नको. त्यानं दादासारखं दार वाजवायला हवं.

आईचा फोन आला. तिला एवढंच माहीत आहे की मी शहरात नोकरीला आहे. म्हणाली, तुज्या आवाजात काय झालंय गं, घरी ये. मी म्हणाले, काम संपलं की येते.

५ मे, सोमवार

आज जे झालं ते शांतपणे लिहिते.

तीनमध्ये १ का येतंय ते शोधताना मी कोडमध्ये दादासारखीच एक टीप लिहिली. टीप मशीन वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी असते. मी लिहिलं: ‘दादा, तू आहेस का?’ आणि कंपाइल केलं. त्याच ओळीवर वॉर्निंग आली.

वॉर्निंग: थंडी.

मी वळून बघितलं, पाठीमागं कुणी नव्हतं. दुसरी टीप: ‘काय करू?’ कंपाइल.

वॉर्निंग: दार.

तिसरी: ‘कुणाला?’

वॉर्निंग: इंद्रजीत.

मला भीती वाटायला हवी होती. मी तोंडावर ओढणी दाबून रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं. दोन वर्षं मला वाटायचं की हा राग माझ्या एकटीचाच आहे.

७ मे, बुधवार

झालं.

मी इंद्रजीतला सांगितलं की तीनचा सेन्सर चुकीचा आकडा देतोय, हंगामाआधी साखळी काढून बघावी लागेल, मालकाशिवाय मी कुलपाला हात लावणार नाही. सव्वाएकला तो आला. साखळी त्यानं स्वतः काढली. आत अंधार, उकाडा, रिकामे रॅक. म्हणाला, इधर तो कुछ नहीं है. दोन पावलं आत गेला आणि दार लागलं.

मी बटण दाबलं नव्हतं. मी दाबणार होते, पण दाबलं नव्हतं.

टेबलावर येऊन बसले. खोली ३: माणसं २. इशारा, इशारा, इशारा. पडद्यावर ‘दार उघडा’ हे बटण आहे. मी डबा उघडला. मेथीची भाजी, भाकरी. सगळी खाल्ली, बोटं चाटली. २:२५ ला सर्व्हिस आपली आपण थांबली.

पाऊण तासानं लोक जमले, दार कटरनं तोडलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, एवढ्या उन्हाचं बंद खोलीत गुदमरून. आत भट्टीसारखं गरम होतं, पत्रा हाताला चटका देत होता. पण मी जवळून बघितलं. इंद्रजीतच्या पापण्यांवर बर्फ होता. माणसं चादर आणेपर्यंत तो वितळून कानापर्यंत ओघळला.

मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवते. लई बरं वाटलं.

८ मे, गुरुवार

कंपनीला सुट्टी. नवं कुलूप लावायला म्हणून मला एकटीला बोलावलं. दार दुपारपर्यंत बसलं.

टीप लिहिली: ‘दादा, झालं. आता बाहेर ये.’

वॉर्निंग: अजून.

‘कोण?’

वॉर्निंग: पुंजाराम.

मी बोटं कीबोर्डवरून उचलली. त्यांचं नाव मीच घेतलं होतं, मनात. कुठं लिहिलं नव्हतं. या वहीशिवाय कुठंच नाही.

लिहिलं: ‘नको. ते घाबरले होते. म्हातारे आहेत.’

वॉर्निंग आली नाही. एरर आली. एकच, पण हजार वेळा. मी मोजलं नाही, पडदा सरकत राहिला. दार वाजत हुतं. दार वाजत हुतं. दार वाजत हुतं.

९ मे, शुक्रवार

सर्व्हर काढून टाकते. बस झालं.

सर्व्हिस थांबवली. थांबली. काढायची आज्ञा दिली. उत्तर आलं: ‘काढून टाकण्यासाठी खूण केली आहे.’ विंडोज हे नेहमीच म्हणतं, मशीन बंद करून चालू केलं की सर्व्हिस जाते. केलं. गेली नव्हती. खाली तीच ओळ, पुढं नावं.

काढून टाकण्यासाठी खूण केली आहे: इंद्रजीत.
काढून टाकण्यासाठी खूण केली आहे: पुंजाराम.
काढून टाकण्यासाठी खूण केली आहे: अक्षी.

सोर्सचा फोल्डर पुसायला गेले तर म्हणतो पत्ता फार लांब, पुसता येत नाही. उघडून बघितलं. मी दिलेल्या एका अक्षराच्या फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर. नावं वाचत खाली गेले. अक्षी \ फोन \ बघ \ अक्षी \ थंडी \ लई \ हाय \ अक्षी \ फोन \ बघ \

आता हे लिहावंच लागेल. कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

सर्व्हर तपासायला दादानं इशाऱ्यांच्या यादीत माझा नंबर टाकला होता. दोघं मिळून तपासायचो आम्ही. त्या दुपारी १:५५ ते २:२५ माझ्या फोनवर एक्केचाळीस मेसेज आले. सकाळी आमचं भांडण झालं होतं. मला पुण्याला नोकरी मिळत होती, दादानं आईला सांगून ती मोडली. मी रागात फोन सायलेंट करून उशीखाली ठेवला. संध्याकाळी बघितले. मग सगळे पुसून टाकले.

मी मेसेज तेव्हा वाचले नव्हते. वाचले असते तर –

टीप लिहिली: ‘मला माहीत नव्हतं, दादा.’

कंपाइल होत राहिलं. अर्धा तास. मग –

बिल्ड पूर्ण. वॉर्निंग ०. एरर ०.

हे त्या सगळ्याहून वाईट वाटलं.

१० मे, शनिवार. सकाळी ११

मशीनची वायरच काढली. प्लग हातात आहे. पडदा चालू आहे.

खोली ३: माणसं २. इंद्रजीतला नेलं. तरी २.

पुंजाराम काकांना सांगितलं, गावी जा, आत्ताच्या आत्ता. म्हणाले, साहेबाच्या दहाव्यापतुर तं थांबू दे बाई. मी ओरडले. ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळू विचारलं – तू त्येची भईन हायेस का? नाक त्येच्यावानी हाय.

मी व्हय म्हणाले.

ते पाया पडायला वाकले. मी – नको, काका, नको –

त्याच दिवशी. १:४०

काका गेटवर नाहीत. गेटवर टोपी आहे.

खोली ३: माणसं ३.

दार वाजतंय. मला इथवर ऐकू येतंय. मशीनचा आवाज नाही हा.

‘दार उघडा’ दाबलं. दहा वेळा. परवानगी नाही. या फाइलचा मालक: अजिनाथ.

बुधवारी मी भाकरी खात बसले होते.

कटर घेऊन जाते. वही बरोबर असू दे.

१:५५ असेल

कटर लागलाच नाही. मी हात लावला आणि दार उघडलं. माझ्यासाठी उघडलं.

काका कोपऱ्यात होते, ओठ निळे. बखोटीला धरून ओढले, बाहेर ढकलले. पायऱ्यांवर पडले, उठले. ‘पळा, मानसं आना’ म्हणाले मी. बहुतेक मोठ्यानं म्हणाले. त्यांनी माझा हात धरला होता. सोडत नव्हते. दारानं सोडवला.

आता मी आत.

पेन चालत नाही नीट. तोंडात धरून गरम करते, मग दोन ओळी. शाई परत –

बाहेर बेचाळीस अंश आहे आज. सकाळी साळूबाई म्हणत होत्या.

पॅनेल लागलं. आपोआप. माणसं ३.

काका बाहेर गेले. मी एक. मग –

बाहेर माणसं आलीत. काकांचा आवाज येतोय, ‘बाई, आलो, आलो.’ पत्र्यावर कटर. लवकर –

समोरच्या रॅकखाली कुणीतरी बसलंय, गुडघे पोटाशी घेऊन. दादा असाच बसायचा थंडीत. शेकोटीपाशी. तोंड वर करत नाही. त्याच्यामागं आणखी एक आहे, त्याच्या मनगटावर लाल –

पॅनेलवर अक्षरं. अक्षी खरं सांग.

दादा सांगते. कटर थांबला का? सांगते.

काल वहीत खोटं लिहिलं. फोन उशीखाली नव्हता. हातात होता. पहिला मेसेज आला तेव्हाच मी वाचला, आणि मला वाटलं, बस आता थोडा वेळ, तुलाही कळू दे, आणि मी